नाव नसलेला मेल

मंगळवार, दोन सप्टेंबर. सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांनी कामरगावच्या बसथांब्याजवळच्या सेवा केंद्रात संघदीप पडघानने एक मेल उघडला. मेलला एक फाइल जोडलेली होती. ती त्याने पुढच्या मिनिटाला उघडली. अकरा एकेचाळीसपर्यंत केंद्राच्या कम्प्युटरवरची एकही फाइल वाचता येण्याजोगी उरली नव्हती.

मेलचा विषय होता ‘त्रुटी पत्र – तात्काळ’. मजकूर दोन ओळींचा. आपल्या जात पडताळणी अर्जात त्रुटी आढळली आहे. सोबतचे पत्र पाहून मुदतीत पूर्तता न केल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल. अर्जदाराचं नाव नव्हतं, अर्ज क्रमांकही नव्हता.

ज्याचा स्वतःचा मेल असतो त्याला एवढ्यावरून शंका यायला हरकत नाही. संघदीपचं उलट होतं. ऑनलाइन अर्जात ईमेलचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शेतमजुरी करणाऱ्या बाईला ईमेल नसतो, आणि ज्यांना असतो त्यांनी तो मोबाइल घेताना दुकानदाराकडून काढून घेतलेला असतो. पासवर्ड दुकानदारालाही आठवत नाही. म्हणून गेली नऊ वर्षं संघदीप त्या रकान्यात केंद्राचाच ईमेल टाकत आला होता. आजूबाजूचे सगळे केंद्रवाले असंच करतात. आता सहाशे चाळीस माणसांची सरकारी पत्रं त्या एका पत्त्यावर येत होती. मेल आला की उघडायचा, कोणाचा आहे ते बघायचं, चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि फोन नाहीतर जीपवाल्याकडून निरोप पाठवायचा, ही त्याची रोजची पद्धत. दोन वर्षांपूर्वी असाच एक बिननावाचा मेल त्याने न उघडता सोडला होता. तो हिरीबाईच्या हयातीच्या दाखल्याचा निघाला, आणि ती जिवंत असल्याचं कागदावर यायला अकरा महिने लागले. त्यानंतर नाव नसलेला मेल तो सगळ्यांत आधी उघडू लागला.

समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत उकंडराव मनवर बसले होते. वय त्र्याहत्तर, राहणार बोरहेटी, कामरगावपासून सात किलोमीटर. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला ते दर मंगळवारी जीपने येत आणि केंद्रात डोकावत. नातीच्या अर्जाचं काय झालं हे विचारायला.

“आलं काय रे बापा काई?”

“जय भीम, आबा. आताच एक आलं पाहा. त्रुटीचं हाय.”

“कोनाचं?”

“नाव नाई लिवलं.”

“मंग उघडून पाह्य न. काहून थांबून राह्यला?”

पडताळणीचे चौदा अर्ज केंद्रातून गेलेले होते. चौदापैकी घाई एकाच अर्जाची होती, आणि ती खुर्चीत बसलेली होती. संघदीपने फाइलवर क्लिक केलं. कम्प्युटरने लाल चौकट दाखवून विचारलं की ही फाइल धोकादायक असू शकते, तरी उघडायची का. ही चौकट त्याला दिवसातून चारपाच वेळा दिसे. अंगठा घ्यायच्या यंत्राचं सॉफ्टवेअर सुरू करतानाही तीच यायची, आणि ‘हो’ म्हटल्याशिवाय कोणाचाच अंगठा लागायचा नाही. त्याने ‘हो’ दाबलं.

पडद्यावर एक काळी खिडकी आली आणि गेली. पत्र उघडलं नाही.

“फाइल खराब हाय वाटते. दुपारी पाहू,” तो म्हणाला आणि रांगेतल्या गोजराबाईच्या सातबाऱ्याकडे वळला. सातबारा उघडेना. त्याच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांची एक शेपटी लागली होती. शेजारच्या फाइललाही तीच, त्याच्या शेजारच्याही. बघता बघता खालच्या ओळींना शेपट्या लागत चालल्या.

त्याने भिंतीपलीकडच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून ऋषिकेशला हाक मारली. ऋषिकेश हातातला पेचकस तसाच घेऊन आला, त्याने पडद्याकडे पाहिलं आणि वाकून भिंतीतली पिन उपटली.

“लेका, पह्यले वायर काढाची असते,” तो म्हणाला. मग टेबलावरच्या काळ्या डबीकडे बोट केलं. “हे बॅकअपची डिस्क न? लावूनच व्हती काय?”

“रोज लागते न.”

“मंग कायचा बॅकअप बे? चोराच्या हाती टॉर्च देऊन ठेवला तू.”

पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी होती. उकंडरावांनी चष्मा पुसला.

“काय म्हनते थे?”

“पैसे मांगून राह्यला,” ऋषिकेश म्हणाला.

“कोन?”

“मालूम नाई.”

“कुठला हाय?”

“आबा, मालूम असतं तं मी अजून इथंच उभा असतो काय?”

उकंडरावांनी पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची संघदीप पाच मिनिटांपासून वाट पाहत होता.

“आपल्या बुढ्याचं पान हाय न पन?”

“निंघते, आबा. ऋषिकेश काढून देते.”

ऋषिकेश पेचकसाकडे पाहत राहिला.

*

पान म्हणजे बोरहेटीच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचं पान क्रमांक सत्त्याऐंशी. उकंडरावांच्या घराने छप्पन साली धम्म घेतला. त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर ‘बौद्ध’ लिहिलेलं आहे. उकंडराव शाळेत गेले नाहीत. त्यांचा मुलगा गेला, त्याच्या दाखल्यावरही ‘बौद्ध’. पडताळणीला एकोणीसशे पन्नासच्या आधीचा, जात लिहिलेला कागद लागतो. मनवरांच्या घरात असा एकच होता. सन अडतीसमध्ये उकंडरावांचे वडील गोविंदा बोरहेटीच्या शाळेत पहिलीत बसले, आणि मास्तरांनी अकराव्या ओळीत लिहिलं : गोविंदा वल्द तुळशा, महार. गोविंदा तिसरीपर्यंत शिकला. त्याच्या शिक्षणाचा घराला झालेला मोठा उपयोग ही ओळ होती.

संघदीपने ती नोंदवही दोन हजार एकोणीसमध्ये चार रविवार बसून पानन् पान स्कॅन केली होती. कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हाचे मुख्याध्यापक जगदेव लहाने शेजारी खुर्ची टाकून बसत आणि पानं उलटायला मदत करत. तीन वर्षांनी शाळेची जुनी इमारत धोकादायक म्हणून पाडली. दप्तर खताच्या पोत्यांत भरून एका बंद खोलीत ठेवलं गेलं. दोन पावसाळ्यांनंतर पोती उघडली तेव्हा वाळवीने काम उरकलेलं होतं. तेव्हापासून संघदीपच्या कम्प्युटरातली प्रत हीच नोंदवही झाली. नवे मुख्याध्यापक केंद्रात येत, पडद्यावरचं पान बघत, उतारा लिहून शिक्का मारत. त्या उताऱ्यांवर आणि पानांच्या छापील प्रतींवर गावातल्या अकरा घरांना वैधता प्रमाणपत्र मिळालं.

धम्मदीपा बारावं घर. उकंडरावांची नात, वय अठरा. तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या पशुवैद्यक महाविद्यालयात राखीव जागेवर तात्पुरता प्रवेश मिळाला होता. आई भागिरथाबाईच्या सात शेळ्या तिने लहानपणापासून सांभाळल्या होत्या. त्यांतली एक अडली तेव्हा मोबाइलवर डॉक्टरांना विचारत विचारत तिने पिल्लू बाहेर काढलं होतं. ते पिल्लू जगलं आणि त्याच दिवशी काय शिकायचं ते ठरलं. वैधता प्रमाणपत्र द्यायची शेवटची तारीख तीस सप्टेंबर होती.

अर्ज भरताना पोर्टल मोठी फाइल घेत नव्हतं. संघदीपने सत्त्याऐंशी क्रमांकाचं पान दाबून लहान केलं आणि चढवलं. अक्षरं विरघळल्यासारखी झाली. त्याला ते दिसलं होतं. पुढे मागितली तर मोठी प्रत देऊ, असं तो म्हणाला होता. मोठी प्रत कम्प्युटरात होतीच.

*

गुरुवारी, चार सप्टेंबरला, संघदीप वाशिमला सायबर पोलिसांकडे गेला. त्याने कम्प्युटरचा डबा आणि काळी डिस्क कापडात गुंडाळून नेली होती. तक्रार लिहून घेणाऱ्या बाई शांत होत्या. त्यांनी मेलचा पत्ता पडद्यावर मोठा करून दाखवला. मध्ये सरकारी वाटतील अशी अक्षरं होती. शेवट भलताच होता.

“हे पाहिलं नव्हतं?”

“मॅडम, आमच्याकडे दिवसाले चाळीस येतात. आम्ही विषय पाहतो.”

“आतापासून पत्ता पाहा. अनोळखी मेल उघडू नका. अटॅचमेंट तर नाहीच, लिंक नाही. तुमचं नाव लिहिलेलं नसेल तर हातच लावू नका.”

“फाइली परत येतीन काय?”

“डिस्क तपासणीला पाठवू. खोटी आशा दाखवत नाही, यातलं बहुतेक परत येत नाही.”

परतीच्या वाटेवर कारंजा स्थानकात बस थांबली असताना त्याने मोबाइलवर मेल पाहिले. तीन वाजून चौदा मिनिटांनी एक नवा आला होता. विषय : ‘त्रुटीबाबत’. मजकूर दोन ओळी. नाव नाही. एक फाइल जोडलेली. पत्ता लांबलचक होता आणि पडद्यावर पूर्ण मावत नव्हता. संघदीपने फोन पालथा करून मांडीवर ठेवला. घरी गेल्यावर त्याने बायकोला, सपनाला, हे सांगितलं.

“दोनच दिवसांत पुन्हा तेच? तुले काय मूर्ख समजून राह्यले काय?” ती म्हणाली.

“एकदा समजले न.”

तो मेल त्याने नको असलेल्या मेलांच्या कप्प्यात टाकला. नंतरच्या आठ दिवसांत त्याने तिथे आणखी सतरा टाकले.

गुरुवारीच संध्याकाळी तो बोरहेटीला गेला आणि पान गेल्याचं मनवरांना सांगितलं. उकंडराव ओट्यावर बसले होते. त्यांनी संघदीपला दोष दिला नाही. “मीच म्हनलो उघड म्हनून,” एवढं दोनदा म्हणाले. भागिरथाबाईने चहा दिला आणि विचारलं, “भाऊ, पन त्यायनं पान मांगितलं नाई न अजून?”

“नाई, वहिनी.”

“मंग नाई बी मांगनार.”

*

शनिवारी, तेरा सप्टेंबरला, धम्मदीपा वसतिगृहात जायची बॅग भरत होती. सोमवारपासून वर्ग होते. दुपारी तिने स्वतःच्या मोबाइलवर पोर्टल उघडून अर्ज क्रमांक टाकला. अर्जासमोर लिहिलेलं होतं : त्रुटी पत्र पाठविले, ४ सप्टेंबर. तिने संघदीपला फोन लावला.

“काका, चार तारखेले पत्र पाठवलं म्हनते.”

संघदीपला कारंजा स्थानकातला मेल आठवला.

“काका, आलं काय?”

“आलं व्हतं.”

“मंग?”

“म्या उघडलं नाई. त्याच्यावर नाव नवतं.”

“पह्यल्यावर तरी कुठं व्हतं?” धम्मदीपा म्हणाली.

फोन चालू राहिला. मागे शेळीचा आवाज येत होता.

ऋषिकेशच्या जुन्या लॅपटॉपवर पत्र उघडलं. आधी त्याने पत्त्याचं अक्षर न् अक्षर खऱ्या जुन्या पत्राशी ताडून पाहिलं. पत्र खरं होतं. अर्जदार कु. धम्मदीपा मनवर. जोडलेली नोंदवहीच्या पानाची प्रत अस्पष्ट असून जातीचा उल्लेख वाचता येत नाही. मूळ अथवा स्पष्ट प्रत पत्राच्या दिनांकापासून पंधरा दिवसांत सादर करावी. पंधरांपैकी नऊ दिवस कप्प्यात गेले होते.

“पत्रात नाव लिवते, मेलमधी लिवाले काय झालं व्हतं यायले?” ऋषिकेश म्हणाला.

रविवारी सकाळी ती बंद खोली उघडून घेतली. आत सहा पोती होती. संघदीप, उकंडराव, भागिरथाबाई आणि शेजारच्या लिलाबाई असे चौघं बसले. पहिल्या दोन पोत्यांत नुसती माती निघाली. तिसऱ्यात नोंदवहीचा एक गठ्ठा सापडला, विटेसारखा घट्ट. उकंडरावांनी सुरीने तो उलगडला. पानं एकसष्ट ते चौऱ्याहत्तर. त्यानंतर पुन्हा माती.

भागिरथाबाई घरी जाऊन गव्हाची चाळणी घेऊन आल्या. उरलेल्या तीन पोत्यांतली माती त्यांनी तसू तसू चाळली. चाळणीत नखाएवढे कागद राहत. त्यांवर कधी अर्धा आकडा, कधी एखादी वेलांटी. ते त्या परातीत वेगळे ठेवत होत्या.

“एवढं शिक्शन वाळवीले झालं,” लिलाबाई म्हणाल्या. “आता तिच्याच नावानं अर्ज करा.”

उकंडराव हसले. मग परातीतला एक तुकडा उचलून उजेडात धरला. “हे काय हाय, संघदीप?”

“आठ असन. नाईतं चार.”

दुपारी तीनपर्यंत परातीत मूठभर कागद जमले. जोडण्यासारखं काही नव्हतं.

त्याच दिवशी संघदीपला पेनड्राइव्ह आठवला. स्कॅनचं काम संपलं तेव्हा लहाने सरांनी आठवण म्हणून एक प्रत मागून घेतली होती. सर निवृत्त होऊन अमरावतीला मुलाकडे राहत होते. फोन त्यांनीच उचलला.

“लाल रंगाचा ना? आहे, आहे. टीव्हीलाच लावलेला आहे,” सर आनंदाने म्हणाले. मग थांबले. “निकिता, त्या लाल पेनड्राइव्हमध्ये काय आहे गं?” मागून सुनेचा आवाज आला. सर पुन्हा फोनवर आले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता. “त्यात नातवाची कार्टून आहेत, बाळा. पण ये. घेऊन जा.”

संघदीप सोमवारी पहाटेच्या बसने गेला आणि संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन आला. पुसलेल्या फाइली काढायचं एक सॉफ्टवेअर ऋषिकेशने दोन दिवस आणि दोन रात्री चालवलं. नोंदवहीच्या दोनशे बारा पानांपैकी एकोणीस निघाली. पान शहाऐंशीचा वरचा अर्धा भाग स्वच्छ होता, इतका की मास्तरांच्या टाकाची शाई कुठे संपली आणि त्यांनी टाक पुन्हा कुठे बुडवला तेही कळत होतं. खालचा अर्धा भाग राखाडी होता. पान सत्त्याऐंशी नव्हतं.

“एका पानाचा फरक, लेका,” ऋषिकेश म्हणाला.

“त्याच्यावर कार्टून बसलं असन,” संघदीप म्हणाला.

गुरुवारी, अठरा सप्टेंबरला, मुदतीच्या एक दिवस आधी, तो उकंडरावांना घेऊन वाशिमला पडताळणी समितीच्या कार्यालयात गेला. सोबत शाळेचा उतारा, नोंदवही नष्ट झाल्याचं मुख्याध्यापकांचं पत्र, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत आणि त्या अस्पष्ट पानाचं छापील मोठं चित्र. टेबलामागच्या माणसाने सगळं नीट वाचलं. चित्र घेऊन तो खिडकीशी गेला, उजेडात धरलं, जवळ नेलं, लांब नेलं.

“अकरावी ओळ?”

“हो साहेब,” उकंडराव म्हणाले. “गोविंदा. माहा बाप.”

“‘म’ वाटतो मला,” तो माणूस म्हणाला. “पण मला वाटून चालत नाही, बाबा. समितीपुढे वाचता यायला हवं.”

“मी वाचून दाखवतो न. मले पाठ हाय.”

त्या माणसाने कागद खाली ठेवला. पोच दिली. सुनावणीची तारीख लिहून दिली : नऊ ऑक्टोबर. त्याआधीची मिळणार नाही, असं सांगितलं. महाविद्यालयाची तारीख तीस सप्टेंबर आहे, हे संघदीपने दोनदा सांगितलं. तो म्हणाला की पोच दाखवून तिकडे मुदतवाढ मागा. देणं न देणं त्यांच्या हातात.

*

मंगळवारी, तीस सप्टेंबरला, धम्मदीपाने महाविद्यालयाच्या कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज दिला. ती पंधरा दिवस वर्गात बसत होती. तिने एका मेलेल्या बकऱ्याचं हृदय हातात धरलं होतं आणि त्याचा फोटो आईला पाठवला होता. अर्ज घेणाऱ्या बाईंनी पोच पाहिली आणि सांगितलं की निर्णय वरून येईल, ईमेलने कळवतील.

“कोणत्या ईमेलवर?”

“प्रवेश अर्जावर जो असेल त्याच्यावर.”

प्रवेश अर्ज जूनमध्ये संघदीपने भरला होता. ईमेल बदलता येईल का, असं तिने विचारलं. त्यासाठी वेगळा अर्ज होता आणि त्याला सात दिवस लागत.

बुधवारी, एक ऑक्टोबरला, संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी केंद्राच्या पत्त्यावर मेल आला. विषय : ‘तात्पुरत्या प्रवेशाबाबत – २४ तासांत प्रतिसाद आवश्यक’. मजकूर तीन ओळींचा. मुदतवाढीसाठी खालील लिंकवर जाऊन माहिती भरावी. विहित वेळेत प्रतिसाद न आल्यास जागा पुढील फेरीत वर्ग करण्यात येईल. प्रिय विद्यार्थी, एवढंच, नाव नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता संघदीपने याआधी पाहिलेला नव्हता. तो महाविद्यालयाचा नव्हता, पण पूर्वी काही खऱ्या पत्रांना असे परके पत्ते असल्याचं त्याला आठवलं. या महाविद्यालयाचं जुनं पत्र ताडून पाहायला त्याच्याकडे नव्हतं. जूनमधली सगळी पत्रं कम्प्युटरात उतरवून घेऊन त्याने मेलमधून पुसली होती, आणि ती कम्प्युटराबरोबर गेली.

त्याने लगेच कार्यालयाचा फोन लावला. उचलला गेला नाही. सहा वाजता, साडेसहाला पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी गुरुवार, दोन ऑक्टोबर, दसरा. कार्यालयं बंद.

गुरुवारी सकाळी बोरहेटीच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना झाली. पांढरी साडी नेसलेल्या भागिरथाबाई आणि उकंडराव तिथून सरळ जीपने कामरगावला आले. ऋषिकेशने सणामुळे दुकान उघडलं नव्हतं, पण तोही आला. लॅपटॉप त्याचाच होता. धम्मदीपा फोनवर होती. सकाळपासून ती वसतिगृहाच्या बाईंकडे, मग फाटकावरच्या रखवालदाराकडे जाऊन आली होती. उद्या या, असं दोघांनीही सांगितलं होतं. अर्ज घेणाऱ्या बाईंचा मोबाइल नंबर कोणाकडे नव्हता. प्रवेशाच्या पोर्टलवर मुदतवाढीबद्दल नवं काही नव्हतं.

“सुट्टीच्या दिवसाची मुदत कोनतं हापिस देते बे?” ऋषिकेश म्हणाला. “खोटा हाय. सरळ दिसते.”

“देतात,” संघदीप म्हणाला. “मांगच्या दिवाळीत दिली व्हती. तिघायची स्कॉलरशिप गेली त्याच्यात.”

“मंग पत्ता पाह्य. असा पत्ता असते काय?”

“मालूम नाई. असू बी शकते.”

“माह्या फोनवरून उघडू काय, काका?” धम्मदीपाचा आवाज स्पीकरवर आला. “माह्या फोनमधी काय हाय? शेळ्यायचे फोटो.”

“लिंक फक्त तुह्या फोनची नसते, बाई,” ऋषिकेश म्हणाला. “आत गेली की पासवर्ड मांगते. हाच मेलचा पासवर्ड. तो देल्ला, अन् खोटा निंघाला, तं हा पूरा डबा त्यायच्या हातात.”

डबा म्हणजे सहाशे चाळीस माणसांची पत्रपेटी. आधार कार्डं, बँकेच्या पासबुकांची पानं, अंगठे, हिरीबाईचा हयातीचा दाखला. कम्प्युटर गेल्यावर ही पेटी एवढंच केंद्राजवळ उरलं होतं.

उकंडराव महिन्यापूर्वी बसले होते त्याच खुर्चीत होते. भागिरथाबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

“तुमी सांगा न, मामाजी.”

“मी मांगं सांगतलं व्हतं,” उकंडराव म्हणाले. “आता मी नाई सांगत.”

दुपारी दोन वाजता संघदीपने पोलिसांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केला. तिथल्या माणसाने पत्ता लिहून घेतला आणि सांगितलं की खरा की खोटा हे महाविद्यालयच सांगू शकेल. शंका असेल तर उघडू नका. शंका आहे, पण मुदतही आहे, असं संघदीप म्हणाला. ते तुम्ही ठरवा, असं उत्तर आलं.

तीन वाजता धम्मदीपा पुन्हा फाटकावर गेली. रखवालदाराने तिला ओळखलं आणि बसायला स्टूल दिलं. आत कोणी नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी मेल उघडलेला होता आणि लिंक निळी होती. तिला कोणी हात लावलेला नव्हता. फोन चालू होता. मुदत संपायला एक तास बेचाळीस मिनिटं होती.